अल्प स्नायुवस्तुमान
वय, उंची व लिंग यांच्या मानाने शरीरातील कंकाल स्नायूंचे वस्तुमान कमी असण्याची अवस्था. वार्धक्यात तिच्या जोडीला स्नायूंची शक्तीही घटली, म्हणजे त्या विकारास सार्कोपेनिया म्हणतात. हे नाव अमेरिकन वैद्य अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचविले. बैठकीतून उठताना कष्ट पडणे, तोल जाणे व पडून अस्थिभंग होणे हे तिचे परिणाम होत.

स्नायूंचे वस्तुमान दोन भिन्न ऊर्जांच्या क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजता येते. पण ही सोय सर्वत्र नसते. म्हणून नेहमीच्या तपासणीतील वय, उंची, वजन व रक्तातील क्रिॲटिनीन यांवरून अनुमान करतात. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या बाबतीतही हे आकडे सहज मिळण्याजोगे आहेत.

यांपैकी वजन सर्वांत फसवे. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन या वैद्यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक २२·३ होता. परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के आढळला. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या ‘योग्य’ वजनात स्नायूंची उणीव मेदाने भरून निघालेली असू शकते.

क्रिॲटिनीन हे स्नायूंतील क्रिएटिनापासून सतत तयार होऊन वृक्कांवाटे बाहेर पडते. ते कमी आढळल्यास अहवालात समाधान मानले जाते. वस्तुतः ती स्नायू घटल्याची खूण असू शकते. याहून घातक प्रकार म्हणजे, स्नायू घटलेल्या वृद्धाचे वृक्कही बिघडलेले असल्यास दोन दोष परस्परांना झाकतात व आकडा निर्दोष दिसतो. सिस्टॅटिन सी हे प्रथिन स्नायूंवर फारसे अवलंबून नसल्याने क्रिॲटिनिनाशी त्याची तुलना उपयुक्त ठरते. मात्र ही चाचणी नित्याची नाही.

अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समीकरणात वय, उंची, वजन व लिंग यांवरून स्नायूंचे वस्तुमान काढून आशियाई व्यक्तीसाठी १·२ किग्रॅ. वजा करतात. अवघ्या आशियास एकच वजावट लावणे स्थूलपणाचेच आहे. असे समीकरण स्थानिक लोकांच्या प्रत्यक्ष मापनाशी ताडून पाहिल्याखेरीज वापरणे इष्ट नाही.

आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार पोटरीचा घेर पुरुषांत ३४ सेंमी.पेक्षा व स्त्रियांत ३३ सेंमी.पेक्षा कमी असल्यास, तसेच मुठीची पकड अनुक्रमे २८ व १८ किग्रॅ.पेक्षा कमी भरल्यास पुढील तपासणी करावी. पायांवर सूज असल्यास घेराचे माप ग्राह्य धरत नाहीत.