वाजणारा टॅपेट बरा

सकाळी ९.३०
काशिमीरा नाक्याजवळचं आमचं गॅरेज. शटर पुरतं वर गेलेलं नसतं, तोच एक सीएनजी व्हॅन थरथरत दारात येते. मालक उत्तनचे, मासळीची ने-आण करणारे. "मिसिंग मारतेय रे. भाईंदरच्या पुलावर चढताना जीवच नाही तिच्यात. इंजिनचा दिवा पण लुकलुकतोय." दिवा लुकलुकतोय म्हणजे न जळलेलं इंधन पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतंय. "काका, गाडी राहू द्या. रिक्षाने जा."

१०.००
स्कॅनरवर पी०३०३. तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर. कोड जागा सांगतो, कारण सांगत नाही. तिसऱ्याची कॉईल दुसऱ्याला लावली, प्लग पहिल्याला. दोष हलला नाही, म्हणजे दोन्ही सुटले. गॅसवरून पेट्रोलवर घेतली, तरी तेच. दोन्ही इंधनांचे इंजेक्टर एकाच सिलिंडरवर एकदम जायचे नाहीत.

१०.४५
आयडलला गाडी हलते, रेस दिली की बरीच सावरते. व्हॉल्व्ह गळत असला की असंच होतं. वेग वाढला की हवेला निसटायला वेळ कमी मिळतो. सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरला. फडफडता फडफडता तो मध्येच आत ओढला जातो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर संशय पक्का, पण नुसत्या संशयावर कोणी इंजिनचं हेड उतरवत नाही.

११.३०
कम्प्रेशन. चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तीन सिलिंडर १७०च्या आसपास पीएसआय. तिसऱ्याचा काटा ९०लाच अडतो. आत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा सेल्फ मारला. रिंगा गेल्या असत्या तर काटा चढला असता. चढला नाही.

१२.३०
तिसरा पिस्टन टॉपला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून कम्प्रेसरची हवा दिली. आता काम कानांचं. थ्रॉटलमधून आवाज आला तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. फुसफुस सायलेन्सरमधून येते, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच.

१.३०
डबा. तोवर इंजिन थंड होऊ दे; टॅपेटचा गॅप मी गरम इंजिनवर मोजत नाही.

३.००
कव्हर काढलं. एक्झॉस्टला थंड इंजिनवर टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या मध्ये साधारण पाव मिलिमीटर जागा हवी. तिसऱ्यावर फीलर गेजचं सगळ्यात पातळ पातंसुद्धा शिरत नाही. पेट्रोल जळताना सीटवर बारीक थर बसतो, तो धातूचं घासणं कमी करतो. सीएनजी कोरडा, त्याच्यात सीट लवकर झिजते. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप संपतो. मग व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ७००-८०० अंशांपर्यंत तापतो आणि त्याची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडच्या पाण्यात उतरते. टेकला नाही तर थंड होणार कसा?

३.३०
काकांना फोन. "पण टॅपेटचा आवाज तर कधीच नव्हता!" तेच तर. सैल टॅपेट टकटक करून सांगतो, टाइट झालेला गप्प बसून व्हॉल्व्ह जाळतो. खर्चाचा अंदाज ऐकून काका क्षणभर थांबतात, मग "कर" म्हणतात.

६.००
हेड खाली. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा नखाएवढा तुकडा जळून गेलाय, भोवती राखाडी-पांढरी छटा. बाकीच्यांची कड शाबूत, पण गॅप सगळ्याच एक्झॉस्टचे कमी.

६.४५
हेड भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात, लेथवाल्याकडे. सीट कटिंग, गाइडचा प्ले, नवा व्हॉल्व्ह, पेस्ट लावून लॅपिंग. उद्या परत आलं की पोर्टमध्ये पेट्रोल ओतून बघायचं. थेंब पाझरला तर पुन्हा लॅपिंग.

७.३०
शटर ओढणार, तेवढ्यात एक सीएनजी रिक्षा. "भाऊ, टॅपेट वाजतोय, जरा कसून दे ना." गरम इंजिनवर मी स्पॅनर लावत नाही. "चावी ठेवून जा, सकाळी गेज लावून बघतो. गॅप बरोबर निघाला तर वाजू दे त्याला. गप्प करायचे मी पैसे घेत नाही."