घरचे दही व शेतकऱ्याचे ताट

ज्याच्या दावणीला दोन दुभत्या म्हशी आहेत, त्याच्याच घरी पाहुण्यास ताक देण्याकरिता दुकानातून दह्याची पिशवी आणावी लागते, असा प्रकार अलीकडे आमच्या पाहण्यात एकाहून अधिक गावी आला. १९७० साली ‘ऑपरेशन फ्लड’ योजना सुरू झाली आणि तिच्या प्रसाराबरोबर दुधास हुकमी गिऱ्हाईक मिळत गेले, ही गोष्ट शेतकऱ्याच्या हिताचीच होय. परंतु दोन्ही वेळचे सारे दूध केंद्रावरील कॅनमध्ये ओतून घरच्या मुलांकरिता चहापुरते ठेवणे, हा व्यवहार आम्हास आतबट्ट्याचा वाटतो.

ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हा आवश्यक घटक कमी असतो व दुधादह्यात तो विपुल असतो. तेव्हा भाकरीबरोबर वाटीभर दही खाण्याची आपल्या वाडवडिलांची चाल केवळ रुचीपुरती नव्हती. शिवाय विरजणातील जंतू दुधातील साखरेचा काही भाग आम्लात पालटतात. यामुळे ज्यांस दूध सोसत नाही, अशा पुष्कळांस दही सोसते.

दही लावण्याची रीत घरोघर ठाऊक आहे. तरी ते बिघडते का, हे समजून घ्यावे. दूध प्रथम चांगले उकळावे. त्याने अपायकारक जंतू मरतात व दह्यास घट्टपणाही येतो. मग ते ४० ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्यावे. बोट बुडविले असता ऊब लागावी, पण चटका बसू नये, ही त्याची घरगुती खूण. याहून कढत दुधात विरजण घातल्यास त्यातील जंतू मरतात. फार गार दुधात ते मंदावतात आणि भलतेच जंतू बळावून दह्यास तार व घाण येते. एक लिटर दुधास एक लहान चमचा विरजण पुरते. थंडीत दोन घालावे व भांडे घोंगडीत गुंडाळून ठेवावे. उन्हाळ्यात चार-पाच तासांत दही लागते, हिवाळ्यात आठ-दहा तासही लागतात. या अवधीत भांडे हलवू नये. दही लागताच ते गार जागी ठेवावे, म्हणजे अधिक आंबत नाही.

भांडे मातीचे असल्यास ते पाणी शोषून घेते व दही कवडीसारखे घट्ट होते. कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात मात्र दही कळकते. तसे दही खाऊ नये. वर सुटणारी निवळी फेकून न देता तिच्यात भाकरीचे पीठ मळावे. विरजण रोज ताज्या दह्यातून काढून ठेवावे. ते फार आंबट झाल्यास शेजाऱ्याकडून नवे आणावे.

एक गोष्ट गोपालकांनी विशेष ध्यानात ठेवावी. सर्व काळजी घेऊनही दूध विरजत नसेल, तर त्या जनावरास नुकतेच औषध दिले होते काय, हे आठवावे. काससुजी, जिला आपण दगडी म्हणतो, तिच्यावर दिलेली प्रतिजैविके दुधात उतरतात व विरजणाच्या जंतूंस मारक ठरतात. असे दूध घरीही वापरू नये व केंद्रावरही घालू नये. पशुवैद्याने सांगितलेले दिवस पुरे होऊ द्यावेत.

१९०५ साली ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्याने आपल्या देशच्या दह्यातील जंतू शोधून काढला. पुढे पॅरिस येथील मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने दह्याने आयुष्य वाढते, असे मत मांडले. ते सिद्ध झालेले नाही. आणि तेवढ्या मोठ्या आशेची आपणास गरजही नाही. मुलांच्या ताटात रोज वाटीभर ताजे दही पडले, तरी पुष्कळ साधले.

म्हणून आमची सूचना एवढीच की, धार काढल्यावर घरचा लिटरभर वाटा आधी बाजूस काढावा आणि मगच कॅन उचलावा. जनावरांच्या वैरणीचा हिशेब जो चोख ठेवतो, त्याने आपल्या लेकरांचाही तसाच ठेवावा.