खिडकी उघडू की नको?

मोबाइलवर एक्यूआय लाल दिसला की आपण काय करतो? स्लायडिंग विंडो बंद, एसी ऑन, सोफ्यावर आडवे! बाहेरची घाण बाहेर, घर एकदम सेफ. माझंही लॉजिक कालपरवापर्यंत हेच होतं. पण बंद घरातली हवा खरोखर गाळून बघणाऱ्यांचे आकडे हाती आले आणि मी जरा सावरून बसले.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे 5 मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचे कण. 2004 मध्ये हा शब्द गाजला तो समुद्राच्या संदर्भात, त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर मासे आणि किनारेच येतात. हवेचा नंबर बऱ्याच उशिरा लागला. पॅरिसमध्ये रशीद द्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन फ्लॅट, एक ऑफिस आणि बाहेरची एक जागा निवडली. पंपाने हवा फिल्टरमधून ओढायची आणि अडकलेले तंतू मायक्रोस्कोपखाली मोजायचे, असं हे किचकट काम. 2017 मध्ये निष्कर्ष छापून आले. बाहेरच्या एका घनमीटर हवेत 0.3 ते 1.5 तंतू. आणि आत? 1 ते 60!

कारण शोधायला लांब जायला नको. पडदे, कार्पेट, गुबगुबीत ब्लँकेट, जिमचा तो झटपट सुकणारा टी-शर्ट... पॉलिस्टर म्हणजे पाण्याच्या पेट बाटलीचंच सख्खं भावंड. प्रत्येक वापरात, प्रत्येक धुण्यात त्याचे तंतू सुटतात. बाहेर वारा त्यांना पांगवतो. घरात ते जाणार कुठे? खाली बसतात. पॅरिसच्या त्याच घरांत जमिनीच्या एका चौरस मीटरवर दिवसाला 1,586 ते 11,130 तंतू पडत होते.

हे मी एका मैत्रिणीला सांगितलं, तर ती गप्पच झाली. तिचा मुलगा नऊ महिन्यांचा, नुकता रांगायला लागलाय. "अगं, म्हणजे मी त्याला प्लास्टिकमध्ये लोळवतेय?"

अगदी तसं नाही. कारण पॅरिसच्या तंतूंपैकी 67 टक्के प्लास्टिकचे नव्हतेच, बहुतेक कापसासारखे नैसर्गिक होते. प्लास्टिक होतं ते उरलेल्या 33 टक्क्यांत. नुसत्या डोळ्यांनी हे ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून तंतूवर इन्फ्रारेड प्रकाश टाकतात. प्रत्येक पदार्थ तो आपापल्या पद्धतीने शोषतो, जणू अंगठ्याचा ठसाच. त्यात आणखी गंमत म्हणजे मोजणाऱ्याच्या स्वेटरचाच धागा नमुन्यात पडू शकतो! म्हणून लॅबमध्ये कॉटनचे कोट, काचेची भांडी, आणि तुलनेसाठी एक कोरा फिल्टर. कोऱ्या फिल्टरचा उल्लेख नसलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

पॅरिसच्या मोजणीत 50 मायक्रॉनपेक्षा बारीक काही धरलेलंच नव्हतं. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. 2025 मध्ये फ्रान्समधल्याच तुलूझच्या संशोधकांनी रामन नावाचं लेसरचं तंत्र वापरलं आणि 1 मायक्रॉनपर्यंत मजल मारली. नमुने कुठले? त्यांच्या स्वतःच्याच घरांतले आणि गाड्यांमधले. घरातल्या हवेत दर घनमीटरला साधारण 528 कण सापडले, आणि त्यातले बहुतेक 10 मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणजे श्वासाबरोबर आत जाणारे. आठ वर्षांत प्लास्टिक इतकं वाढलं असं मात्र समजू नका. जाळं बारीक झालं, एवढंच. तेव्हा व्हॉट्सअॅपवर 'रोज इतके हजार कण' वगैरे फॉरवर्ड आलं की आधी विचारा, किती बारीक मोजलंत?

आणि तो लाडका एक्यूआय? त्यात 8 प्रदूषकं असतात, मायक्रोप्लास्टिक त्यात नाही. पीएम 2.5 आणि पीएम 10 म्हणजे नुसतं वजन. धूर, माती, प्लास्टिक, सगळं एकाच तराजूत.

घाबरावं का? 2022 मध्ये इंग्लंडमध्ये 13 फुप्फुसांच्या नमुन्यांपैकी 11 मध्ये मायक्रोप्लास्टिक सापडलं. अमेरिकेत 1990 च्या दशकात नायलॉनचे बारीक तंतू उडणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना फुप्फुसाचा आजार झाला होता. पण कारखान्यातली हवा वेगळी, आपला हॉल वेगळा. मैत्रिणीला मी म्हटलं, रस्ता शांत असेल तेव्हा खिडकी उघड, कोरडा झाडू कमी कर आणि फरशी ओल्या फडक्याने पूस. कार्पेट गुंडाळून माळ्यावर टाक. बाहेरचा धूर काही खोटा नाही, त्यामुळे चोवीस तास खिडकी सताड उघडी ठेवायला मी सांगणार नाही.

गाड्यांचा आकडा सांगायचा राहिलाच की! 2,238. दर घनमीटरला, म्हणजे घराच्या चौपट. डॅशबोर्ड प्लास्टिकचा, सीट सिंथेटिक, जागा एवढीशी आणि काचा वर. शिवाय ही मोजणी झाली ती पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांत नव्हे, रोजच्यासारख्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांत.