माफ करणं म्हणजे गप्प बसणं नव्हे

‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असं दुखावलेल्या माणसाला आपण फार सहज सांगतो. सांगणाऱ्याला बहुतेक वेळा घरातला तंटा मिटायला हवा असतो. ज्याला लागलंय, त्याचं काय, हे मागेच राहतं. क्षमेबद्दलचे बरेच गैरसमज या घाईतून आले आहेत.

गैरसमज : माफ केलं की तक्रार सोडायची आणि पहिल्यासारखं वागायचं.

क्षमा, समेट आणि न्याय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावी ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जमावाने ती गाडी पेटवली. तिघंही गेले. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि बारीपदा इथलं कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं. खटला मात्र थांबला नाही. मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. मनातला द्वेष सोडायचा की नाही, हे ग्लॅडिस यांनी ठरवलं, शिक्षेचं न्यायालयाने.

क्षमेवर अनेक वर्षं संशोधन करणारे विस्कॉन्सिन विद्यापीठातले रॉबर्ट एनराइटही हाच फरक सांगतात. राग सोडणं एकट्याला जमतं, नातं पुन्हा जुळायला मात्र समोरच्यालाही बदलावं लागतं. तो बदलत नसेल तर? मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकनल्टी यांनी नवविवाहित जोडप्यांचा लग्नानंतरची चार वर्षं अभ्यास केला. जे चटकन माफ करत, त्यांच्या वाट्याला जोडीदाराची आक्रमक वागणूक पहिल्याइतकीच येत राहिली. जे सहजी माफ करत नसत, त्यांच्या बाबतीत ती कमी होत गेली. म्हणूनच, अंगावर थुंकणाऱ्यालाही सोसून घेणाऱ्या संत एकनाथांची आख्यायिका सांगून मार खाणाऱ्या सुनेला गप्प बसवणं मला अक्षम्य वाटतं. तिला आधी सुरक्षितता हवी. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

गैरसमज : माइंडफुलनेस म्हणजे वाईट विचार मनात येऊच न देणं.

राग सोडायला अनेकदा माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा, सल्ला दिला जातो. पण विचार दाबण्याचा प्रयत्न उलटतो. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि अस्वल पुन्हा पुन्हा त्यांच्या मनात येत राहिलं. सजगतेत विचार हाकलायचा नसतो, ओळखायचा असतो : ‘ते बोलणं पुन्हा आठवतंय, छाती जड झालीय, हात शिवशिवतायत.’ एवढं लक्षात आलं की उत्तर द्यायला थोडी उसंत मिळते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ही पद्धत जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांना शिकवायला सुरुवात केली, तीही दुखणं नाहीसं होईल असं आश्वासन न देता. आघात मोठा असेल तर डोळे मिटून बसल्यावर आठवणी जास्तच उसळू शकतात. तेव्हा जाणत्या समुपदेशकाची सोबत हवी.

गैरसमज : आदळआपट केली की राग निघून जातो.

मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, दुखावणाऱ्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक काहीच न करणाऱ्यांपेक्षा जास्त संतापलेले आढळले.

गैरसमज : खरी माफी एकदाच होते.

एव्हरेट वर्दिंग्टन हे क्षमेचे अभ्यासक. १९९६ च्या सुरुवातीला त्यांच्या आईचा राहत्या घरात खून झाला. सूड न घेण्याचा निर्णय वेगळा आणि भावना निवळणं वेगळं, अशी विभागणी ते करतात. निर्णय एका दिवसात होऊ शकतो, भावनांना वर्षं लागू शकतात. त्यामुळे एखाद्या लग्नात दुखावणारा माणूस समोर आला आणि पोटात गोळा उठला, म्हणून आधीची माफी खोटी ठरत नाही. त्याला नमस्कार करून दुसऱ्या पंगतीला बसायची मुभा तेव्हाही असते.