कवडीचे मोल



अल्लीपूरच्या शिवारातून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो मैल लांब. तरी पोळ्याला बैलाच्या गळ्यात कवड्यांची माळ दिसते, भवानीच्या भुत्याच्या गळ्यातही दिसते. आणि कापसाचा भाव पडला की आपण म्हणतो, “कवडीमोल गेला हो!” तर ही कवडी आहे तरी काय?

पावसाळ्यात बांधावर गोगलगाय निघते ना, तिचीच ही समुद्रातली बहीण. कोमट, उथळ पाण्यात प्रवाळाच्या खडकांत राहते, शेवाळ खाते. लहानपणी तिचे शिंपले पातळ व पिळाचे असते. वाढ पुरी होताना त्याची कड आत वळते, पोटाशी दातेरी फट उरते आणि पीळ आत झाकला जातो. मग ही तकाकी कशाची? जिवंतपणी ती आपल्या मऊ कातडीचे दोन पदर दोन्ही बाजूंनी पाठीवर ओढून घेते. त्यामुळे पाठ झिजत नाही, उलट तिच्यावर लुकण चढत जाते. मेलेली कवडी लाटांत घासून मळकट होते. म्हणजे चकचकीत कवडी बहुधा जिवंत पकडलेली, हे ध्यानात असू द्या.

नाणे म्हणून चालली ती मुख्यतः मालदीव बेटांची. इब्न बतूता हा प्रवासी १३४३ च्या सुमारास तेथे गेला. समुद्रातून काढलेल्या कवड्या खड्ड्यात पुरायच्या, मांस कुजले की पांढरे कवच उरते, आणि ते बंगालला देऊन तांदूळ आणायचा, असे त्याने लिहून ठेवले आहे. बंगालात हिशेब असा: चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहन, चार काहनांचा रुपया. मुलांना गुणाकार करायला लावा, ५,१२० कवड्या येतील! खोटी पाडता येत नाही, कुजत नाही, गंजत नाही. गरिबाच्या मीठमिरचीला याहून सोयीचे नाणे कोणते?

मग मोल गेले कुठे? आपल्याकडे तांब्याच्या पैशाने तिला हटवले. पश्चिम आफ्रिकेत मात्र वेगळेच झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन व्यापाऱ्यांनी झांझिबारच्या कवड्या तेथे जहाजे भरभरून ओतल्या आणि भाव गडगडला. आवक फुगली की काय होते, हे कापूसवाल्याला का सांगायचे?

गुरुजी, माळेतली एखादी कवडी वर्गात न्या. ओवण्यासाठी तिची पाठ फोडलेली असेल, तर त्या भोकातून आत पाहा. लहानपणचा पीळ तेथे अजून दिसतो.