काय चालले आहे सध्या?

आमच्या घरी एकूण अकरा माणसे असून त्यांत विशी ओलांडलेला अविवाहित तरुण एकच, आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा. वय पंचवीस, पदवीधर. गेली तीन वर्षे तो राज्यसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करीत आहे. उरलेली दहा माणसे त्यास दिवसातून एकदा तरी एकच प्रश्न विचारतात : ‘काय चालले आहे सध्या?’ आमची चार वर्षांची नातसुद्धा वडील माणसांचे ऐकून ‘काका, पास झालास का?’ असे विचारू लागली आहे. या दहांत सकाळी सर्वांच्या आधी विचारणारा इसम कोण, हे सांगताना संकोच वाटतो. पण तो आम्हीच.

ज्याने आयुष्यभर वर्गात प्रश्न विचारले, त्याची जीभ पेन्शन मिळू लागली म्हणून थांबत नाही. शिवाय आमचे पाटोदा हे तालुक्याचे गाव असले तरी लहानच. घरी प्रश्न चुकविला तर तो चहाच्या टपरीवर गाठतो, तेथे चुकविला तर देवळाच्या पायरीवर.

गेल्या भाद्रपदात आम्हांस एक छंद जडला. हा मुलगा दिवसभर सुखी केव्हा असतो व चिडतो केव्हा, हे त्यास न कळू देता पाहावयाचे. पाहिले ते असे.

पहाटे पाचच्या सुमारास तो स्वतःचा चहा स्वतः करतो व पेला घेऊन वर जातो. घराचे मातीचे माळवद जाऊन सिमेंटचा स्लॅब पडला, तरी आम्ही सर्व त्यास माळवदच म्हणतो. तेथे अर्धा तास तो एकटा बसतो. मोबाईल खाली ठेवून जातो, हे विशेष. मग अभ्यासिका. तेथे खिडकीजवळची खुर्ची मिळाली तर स्वारी दुपारी जेवावयास शीळ घालीत येते. न मिळाली तर भाजीला नाव ठेवते. संध्याकाळी तिघे मित्र मिळून दोन चहा घेतात. आईने सुशीला केली असेल आणि मिरची भरपूर पडली असेल, तर ताटावर बसल्या बसल्या परीक्षेची चिंता पळते.

आता त्रास. दार लावून बसला तर आजी बाहेरून विचारते, ‘अंगात कसकस आहे का रे?’ मोटारसायकल वडिलांची. ती नेमकी त्यास हवी त्या वेळी कोणाला तरी दवाखान्यात सोडावयास लागते. पुण्याच्या एखाद्या अध्यापकाचे व्याख्यान तो मोबाईलवर ऐकत असतो, इतक्यात वीज जाते. वीज राहिली तर काकू येते : विजेचे बिल भर, अमेरिकेतील आत्याला सत्यनारायणाचे फोटो पाठव, गॅसचा नंबर लाव. आमच्या पेन्शनरांचा दरसालचा हयातीचा दाखलासुद्धा तोच काढून देतो. घरात कोणाच्याही मोबाईलवर काही अडले की हाक त्याला. एवढी कामे करणारा कारकून पगारावर ठेवला असता तर त्यास रविवारची सुटी द्यावी लागली असती.

मोठा आघातही झाला होताच. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा पर्याय निवडण्याची न राहता सविस्तर उत्तरे लिहिण्याची झाली. खुणा करण्याच्या बेताने दोन वर्षे काढलेली टिपणे त्याने सुतळीने बांधून माळ्यावर टाकली. त्या दिवशी मात्र तो चिडला नाही. भाजीवर चिडणारा मुलगा या गोष्टीवर चिडत नाही, याचा अर्थ आमच्या ध्यानात फार उशिरा आला.

वाचकहो, अशा वेळी आमच्या वयाच्या माणसाच्या तोंडी ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द आल्यावाचून राहत नाहीत. १९७२ च्या दुष्काळातील सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी आम्ही त्यास किती वेळा वाढली असेल! शेजाऱ्यांच्या ओसरीवर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवरील बिनाका गीतमाला ऐकावयास आम्ही कसे दाटीवाटीने बसत असू, तेही तो सभ्यपणे ऐकून घेतो. परंतु एके रात्री झोप येईना म्हणून आम्ही हिशेब मांडला, आणि तो आमच्या बाजूने लागेना. मॅट्रिक आणि अध्यापनाची पदविका एवढ्या शिदोरीवर आम्हांस बाविसाव्या वर्षी नोकरी लागली होती. पंचविसाव्या वर्षी आम्ही मित्रास स्वतःच्या पैशाने चहा पाजीत होतो. आमचे सुख थोडे होते, पण कोणापाशी मागितलेले नव्हते. याची गाडी मागून आणलेली, पेट्रोल मागून घातलेले, खोली मागून घेतलेली. आणि हे किती दिवस? खुल्या वर्गास या परीक्षेसाठी वयाची मर्यादा ३८ आहे. सरकारने ही सवलत सद्‌हेतूनेच दिली असेल. पण ‘आता पुरे’ असे म्हणण्याची वेळ तिने तेरा वर्षे लांबविली, आणि तोवर ‘काय चालले आहे’ हे विचारावयास आम्ही दहा जण मोकळे!

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरास पहिली आगगाडी सुटली. २०२२ साली रूळ आष्टीपर्यंत आले होते. बीडास गाडी पाहण्याची वाट कित्येकांच्या वडिलांनी पाहिली होती. पाटोद्यास स्टेशन नाही, तरी आमचा मुलगा मित्रांसह ती पाहावयास बीडला गेला. रात्री परतला तो लहान मुलासारखा. सर्वांस फोटो दाखवीत होता, शिट्टीची नक्कल करून नातीस हसवीत होता. आम्ही चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणालो, ‘छान. म्हणजे आजचा अभ्यास बुडाला.’

त्याने मोबाईल खिशात घातला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ओसरीवर असलो की तो मागच्या दाराने जाऊ लागला. पुत्र सोळा वर्षांचा झाला की त्यास मित्राप्रमाणे वागवावे, या अर्थाचे सुभाषित आम्ही किती वर्गांकडून घोकून घेतले असेल, त्याची मोजदाद नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही त्यास म्हणालो, ‘सौताड्यास रामेश्वराचे दर्शन घ्यावे म्हणतो. नेशील का?’ सौताडा आमच्याच तालुक्यात, जामखेडच्या वाटेवर. विंचरणा नदी तेथे एकदम खोल दरीत उडी घेते आणि रामेश्वराचे देऊळ खाली त्या दरीत आहे. सप्टेंबरातील अतिवृष्टीने मराठवाड्यात शेतांची दैना केली होती. वाटेत दोहोंकडे काळी पडलेली पिके दिसत होती. धबधबा मात्र भरून वाहत होता. आम्ही मनाशी एकच निश्चय केला होता, की आज एकही प्रश्न विचारावयाचा नाही. हा निश्चय पायऱ्या उतरण्यापेक्षा अवघड गेला.

दर्शन झाल्यावर एका खडकावर बसलो. वाटेत एका बाईकडून घेतलेली सीताफळे त्याने काढली. डोळे उघडलेले एक निवडून आमच्या हातावर ठेवले. बराच वेळ गेला. मग तोच बोलू लागला.

‘अण्णा, हे फळ झाडावरून उतरल्यावर दोन-तीन दिवसांत जातं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या बाईला काय त्याचं? संध्याकाळपर्यंत टोपली खपली नाही तर मिळेल त्या भावाला देऊन घरी जाते. गर काढून गोठवून ठेवला तर तो वर्षभर विकता येतो.’

आम्ही बिया थुंकीत राहिलो.

‘अजून एकदा परीक्षा देणार. मग हे करून पाहणार. बाबांना सांगितलेलं नाही. आपल्या घरी एकाला सांगितलं म्हणजे दहा जणांना सांगितलं.’

त्याने पिशवीतून एक वही काढली. पुढच्या पानांवर राज्यघटनेची कलमे. उलटी करून उघडली तर मागून हिशेब : गर काढणाऱ्या बायकांची मजुरी, शीतपेटीची किंमत, विजेचा खर्च. वीज गेली तर काय, यास निराळे पान होते. आमचे बंधू गेली तीन वर्षे त्यास मनातल्या मनात तहसीलदाराच्या खुर्चीत बसवून आहेत. ही वही त्यांच्या हाती पडली तर घरात काय होईल, ते आम्हांस ठाऊक आहे. योजना बरी की वाईट, याचा निवाडा करण्याची आमची पात्रता नाही. एका बेरजेत चूक होती, तेवढी दाखविली.

घरी पोहोचताच सर्वांनी घेरले. ‘काय बोलणे झाले?’ असे बंधूंनी विचारले. ‘सीताफळे आणली आहेत,’ आम्ही म्हणालो, आणि पिशवी काकूच्या हाती दिली.

वही सध्या आमच्या कपाटात आहे. त्याला स्वतःचा कुलपाचा खण नाही, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम कळले. कपाटात आमच्या पेन्शनचे कागद व पंचांगे आहेत, ती कोणी चोरणार नाही. किल्ली त्याच्यापाशी दिली आहे. आता आम्हांस पंचांग पाहावयाचे झाले तर त्याच्यापाशी किल्ली मागावी लागते, आणि तो विचारतो, ‘अण्णा, काय चाललंय सध्या?’