उद्याच्या खेळाडूचा आजचा भाव

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, नव्या खेळाडूंची वाटणी ‘ड्राफ्ट’मधून होते. (हा फुटबॉल कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर रंगतो तो नव्हे, लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा, हेल्मेट घालून एकमेकांना भिडण्याचा हा अमेरिकी खेळ.) लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात. महाविद्यालयांतून खेळून आलेल्या तरुणांमधून प्रत्येक संघ आपल्या पाळीला एकेक जण उचलतो. गेल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ आधी निवडतो, विजेता संघ फेरीच्या शेवटी. आयपीएलच्या लिलावासारखी पैशाची बोली इथे लागत नाही. मात्र आपली पाळी दुसऱ्याला देऊन त्याच्या बदल्यात दुसऱ्या पाळ्या किंवा तयार खेळाडू घेता येतात. पुढच्या तीन वर्षांच्या पाळ्याही अशा सौद्यात टाकता येतात. हे सौदे ठरवणारा माणूस म्हणजे संघाचा जनरल मॅनेजर. अजून न आलेल्या, कधीकधी अजून महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाच्या हक्काची किंमत त्याला आज ठरवावी लागते.

ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. श्रीमंत संघ चांगले खेळाडू पळवतात आणि गरीब संघ हरतच राहतात, ही त्यांची तक्रार होती, आणि त्यांचा स्वतःचा संघ हरणाऱ्यांतलाच होता. १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला. पहिली निवड ईगल्सनी केली ती जे बर्वांगर या खेळाडूची. त्याच्याशी करार जमणार नाही असे दिसताच ईगल्सनी त्याचा हक्क शिकागो बेअर्सना देऊन टाकला. बर्वांगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. थोडक्यात, हक्कांचा व्यापार आणि त्यातली फसगत ही दोन्ही ड्राफ्टइतकीच जुनी आहेत.

तरी पुढची पन्नासएक वर्षे हे सौदे अंदाजपंचेच चालत. त्याला हिशेबाचे रूप आले ते डॅलसमध्ये. १९८९ साली तेलाच्या धंद्यातले जेरी जोन्स यांनी डॅलस काउबॉइज हा संघ विकत घेतला आणि महाविद्यालयीन फुटबॉलमधून जिमी जॉन्सन यांना प्रशिक्षक म्हणून आणले. त्या हंगामात संघाने १६ पैकी एकच सामना जिंकला. हंगाम चालू असतानाच, ऑक्टोबरमध्ये, जॉन्सन यांनी संघातला सर्वांत नावाजलेला धावपटू हर्शेल वॉकर मिनेसोटा वायकिंग्जना देऊन टाकला. बदल्यात डॅलसला ड्राफ्टच्या काही पाळ्यांचे हक्क आणि पाच खेळाडू मिळाले. या खेळाडूंना आणखी हक्कांची जोड होती: डॅलसने ठराविक मुदतीत खेळाडूला संघातून काढले, तर त्याच्याशी जोडलेला हक्क डॅलसला मिळायचा. वायकिंग्जना वाटले, जॉन्सन खेळाडू ठेवून घेतील. जॉन्सन यांचा डोळा मात्र पहिल्यापासून हक्कांवरच होता. या एका सौद्यातून पहिल्या फेरीच्या तीन आणि दुसऱ्या फेरीच्या तीन पाळ्या डॅलसच्या पदरात पडल्या. त्या वापरून आणि पुन्हा पुन्हा फिरवून एमिट स्मिथ, डॅरेन वूडसन असे खेळाडू आले, आणि १९९२, १९९३ व १९९५ या हंगामांचे सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, डॅलसने जिंकले. वॉकर १९९१च्या हंगामानंतर मिनेसोटात राहिला नाही.

हाताशी इतक्या पाळ्या आल्यावर प्रश्न पडला तो देवघेवीच्या मापाचा. समोरचा संघ फोनवर काहीतरी देऊ करतो. ते पुरेसे आहे का, हे काही मिनिटांत कसे ओळखायचे? जोन्स यांचे धंद्यातले भागीदार माइक मॅकॉय यांनी १९९१ साली आधीच्या वर्षांचे सौदे तपासून एक तक्ता तयार केला. पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, तिसऱ्याला २२००, दहाव्याला १३००, सोळाव्याला १०००, आणि पहिल्या फेरीच्या शेवटच्या म्हणजे ३२व्या क्रमांकाला ५९०. शेवटच्या फेरीत पोचेपर्यंत गुण अगदी एक आकड्यावर येतात. जॉन्सन यांचे सहकारी पुढे इतर संघांत गेले, त्यांच्याबरोबर तक्ताही गेला, आणि ‘जिमी जॉन्सन तक्ता’ या नावाने तो सगळ्या लीगची बोलणी करण्याची भाषा बनला.

तक्ता कसा चालतो, ते २०१७च्या एका सौद्यावरून दिसते. कॅन्सस सिटी चीफ्सची पाळी २७वी होती. त्यांना पॅट्रिक माहोम्स या क्वार्टरबॅकसाठी (म्हणजे चेंडू फेकून संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूसाठी) बफेलो बिल्सची दहावी पाळी हवी होती. दहाव्याचे गुण १३००. चीफ्सनी २७वी पाळी (६८० गुण) आणि ९१वी पाळी (१३६ गुण) दिली, बेरीज ८१६. उरलेल्या ४८४ गुणांसाठी त्यांनी पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीची पाळी दिली. पुढच्या वर्षाची पाळी आज एक फेरी खालची धरायची, असा या बाजारातला रिवाज आहे. म्हणजे पुढच्या वर्षाची पहिली फेरी आजच्या दुसऱ्या फेरीइतकी. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर सुमारे ४२० गुण असतात. सौदा जवळजवळ काट्यावर उतरला. त्यातून निवडलेल्या माहोम्सने पुढे चीफ्सना तीन सुपर बोल जिंकून दिले. गंमत अशी की दोन्ही जनरल मॅनेजरांना त्याची फळे चाखता आली नाहीत. बफेलोचे डग व्हेली यांना ड्राफ्ट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी काढण्यात आले, आणि चीफ्सचे जॉन डॉर्सी यांना जूनमध्ये.

तक्त्याचा एक दोष जन्मजात आहे. जुने सौदे पाहून तो बांधलेला असल्यामुळे संघ एकमेकांना काय देत होते ते तो सांगतो. निवडलेले खेळाडू पुढे कसे निघाले, याचा त्यात हिशेब नाही. हा हिशेब मांडला केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी. थेलर यांना पुढे, २०१७ साली, अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. २००५ साली प्रथम मांडलेल्या त्यांच्या संशोधनाचा निष्कर्ष जनरल मॅनेजरांना झोंबणारा होता. एकाच जागी खेळणाऱ्या, लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस निघण्याचे प्रमाण सुमारे ५२ टक्के. नाणेफेकीपेक्षा हे जेमतेम बरे. तरीही वरच्या पाळीसाठी संघ अनेक पाळ्या उधळतात, कारण आपल्याला माणसाची पारख आहे याची प्रत्येकाला खात्री असते. त्यात वरच्या खेळाडूला पगारही भरमसाट. संघांच्या एकूण पगारखर्चाला लीगने मर्यादा घातलेली आहे, म्हणून एकाला दिलेला डॉलर दुसऱ्याच्या वाट्यातून जातो. खेळाडूच्या कामगिरीतून पगार वजा केला, तर पहिल्या क्रमांकापेक्षा दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीचे क्रमांक जास्त किफायतशीर ठरत होते. हरणाऱ्या संघाला मिळणारी पहिली पाळी हे बक्षीस नसून शाप आहे, असेच त्यांनी लेखाच्या शीर्षकातून सुचवले.

याच अभ्यासात उधारीचाही दर निघाला. आज पाळी घेऊन पुढच्या वर्षी फेडायची, यासाठी संघ जे मोजत होते ते व्याजाच्या भाषेत वर्षाला १३६ टक्के पडत होते. गावच्या सावकारालाही हा दर मागताना संकोच वाटेल. त्यामागे संघाचा स्वार्थ नाही, माणसाचा आहे. ज्याची नोकरी या हंगामाच्या निकालावर टांगलेली आहे, त्याला दोन वर्षांनंतरच्या पाळीचे काय? १९९९ साली न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांच्या आग्रहाने त्या संघाने रिकी विल्यम्स या एका धावपटूसाठी वॉशिंग्टनला आपल्या त्या वर्षाच्या सगळ्या पाळ्या दिल्या, शिवाय पुढच्या वर्षाची पहिली आणि तिसरी फेरी. सेंट्सनी १६ पैकी तीन सामने जिंकले, डिटकांची नोकरी गेली, आणि संघ इतका खाली घसरला होता की वॉशिंग्टनला दिलेली पाळी दुसऱ्या क्रमांकाची निघाली.

पगाराचे गणित २०११ साली बदलले. २०१०चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याचा करार ७.८ कोटी डॉलरचा होता, त्यातले पाच कोटी हमीचे. त्यानंतर खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्या नव्या करारात नवोदितांचे पगार क्रमांकानुसार बांधले गेले. २०११चा पहिला खेळाडू कॅम न्यूटन याला चार वर्षांसाठी सुमारे २.२ कोटी मिळाले. वरच्या पाळ्या एकदम स्वस्त झाल्या. चांगला क्वार्टरबॅक नवोदिताच्या पगारात मिळाला, तर उरलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करता येतो. आजच्या काळात एखाद्या संघाला याहून मोठी सवलत नाही. पहिल्या फेरीच्या खेळाडूचा करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवण्याचा अधिकारही संघाला मिळाला. त्यामुळे जुन्या तक्त्यात ३२व्या आणि ३३व्या पाळीत दहाच गुणांचे अंतर असले, तरी प्रत्यक्षात ते अंतर मोठे आहे. २०१८ साली बाल्टिमोर रेव्हन्सनी बरोबर ३२वी पाळी मिळवून क्वार्टरबॅक लमार जॅक्सन घेतला.

आज संघांकडे आकडेशास्त्रज्ञ आहेत आणि नवे तक्तेही आहेत. चेस स्टुअर्ट यांनी खेळाडूंच्या कामगिरीवरून तक्ता मांडला. जेसन फिट्झगेराल्ड आणि ब्रॅड स्पीलबर्गर यांनी खेळाडूंच्या पुढच्या करारांच्या रकमांवरून. दोन्हींतला उतार जुन्या तक्त्यापेक्षा सौम्य आहे. मधल्या फेऱ्यांतली पाळी जॉन्सन समजत होते त्याहून मोलाची आहे, असाच याचा अर्थ. म्हणून एकाच तोडीचे पाच खेळाडू आपल्या यादीत शिल्लक असतील, तर शहाणा जनरल मॅनेजर चार जागा खाली सरकतो: पाचांपैकी एक तरी मिळतोच, वर एखादी पाळी फुकट पदरात पडते.

अपवाद क्वार्टरबॅकचा. तिथे तक्ता गुंडाळून ठेवला जातो. २०१२ साली वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिनसाठी रॅम्स संघाकडून दुसरी पाळी घेतली. तिचे गुण २६००. सहावी आणि ३९वी पाळी मिळून २११० गुण होतात. कमी पडणाऱ्या ४९० गुणांसाठी पुढच्या वर्षाची एक पहिली फेरी पुरली असती. वॉशिंग्टनने दोन दिल्या. ग्रिफिनचे पहिले वर्ष झळाळून गेले, मग गुडघ्याच्या दुखापतीने घात केला. डिसेंबर २०१४ मध्ये दोन्ही संघ समोरासमोर आले, तेव्हा रॅम्सचे प्रशिक्षक जेफ फिशर यांनी या सौद्यातून मिळालेले सहा खेळाडू कर्णधार म्हणून नाणेफेकीला पाठवले. रॅम्सनी सामना २४-० असा जिंकला. फिशर यांचा खोडसाळपणा कुणाच्या नजरेतून सुटला नाही.

सौद्यांची बरीचशी बोलणी ड्राफ्टच्या आधीच होतात, पण पक्के होते ते पाळीचे घड्याळ चालू असताना. दोन्ही संघांनी लीगला कळवले तरच सौदा ग्राह्य. २००३ साली मिनेसोटा आणि बाल्टिमोर यांचा सौदा वेळेत नोंदला गेला नाही. मिनेसोटाची वेळ संपली आणि मागच्या दोन संघांनी पुढे घुसून आपले खेळाडू निवडले. मिनेसोटाने मग नवव्या क्रमांकावर केव्हिन विल्यम्सला घेतले, आणि तो त्यांचा आधारस्तंभ ठरला. काही सौदे सशर्त असतात. २०२१ साली इंडियानापोलिसने क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ घेतला, तेव्हा दिलेली दुसऱ्या फेरीची पाळी, तो ठराविक प्रमाणात खेळल्यास, पहिल्या फेरीची होणार होती. तो खेळला, आणि ती झाली.

सगळे हिशेब धुडकावून जिंकलेलाही एक संघ आहे. लॉस एंजेलिस रॅम्सचे जनरल मॅनेजर लेस स्नीड यांनी पहिल्या फेरीच्या पाळ्या देऊन तयार खेळाडू घेण्याचा सपाटा लावला. २०१७ ते २०२३ या सात ड्राफ्टमध्ये रॅम्सनी पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही. दोन पहिल्या फेऱ्या मोजून आणलेल्या मॅथ्यू स्टॅफर्डने त्यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोल जिंकून दिला. तयार खेळाडूची पारख नवख्यापेक्षा सोपी असते, हे स्नीड यांचे खरे भांडवल.

उलट टोकाला कॅरोलिना पँथर्स. २०२३ साली जनरल मॅनेजर स्कॉट फिटरर यांनी क्वार्टरबॅक ब्राइस यंगसाठी शिकागोकडून पहिली पाळी घेतली आणि बदल्यात त्या वर्षाची नववी व ६१वी पाळी, २०२४ची पहिली फेरी, २०२५ची दुसरी फेरी आणि डी. जे. मूर हा खेळाडू दिला. त्या हंगामात कॅरोलिनाने १७ पैकी दोन सामने जिंकले, म्हणून २०२४ची त्यांची पाळी सर्वांत पहिली निघाली. एप्रिलमध्ये शिकागोने तिच्यावर केलेब विल्यम्स हा क्वार्टरबॅक निवडला. फिटरर यांना जानेवारीतच काढून टाकण्यात आले होते.